केस ओले, टॉवेल कोरडा

त्याची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कपाटात बसले होते.

फर्निचरच्या दुकानातल्या, विकायला ठेवलेल्या कपाटात. गुडघे छातीशी घेतलेले, मान डावीकडे दुमडलेली. माझ्या नव्या कादंबरीतल्या वकिलाचं प्रेत दोन दरवाज्यांच्या कपाटात मावतं का हे मला बघायचं होतं, आणि वकील साधारण माझ्याच उंचीचा होता. दुकानदाराला विचारायची लाज वाटली. तो कुणाला तरी गाद्या दाबून दाखवत होता, तेवढ्यात मी इकडेतिकडे पाहिलं आणि आत शिरले. वकील मावत होता. पण दार मागून लागलं ते लागलंच, आणि कपाटाला आतून मूठ नसते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ओरडावं तर शोभा, न ओरडावं तर गुदमरून मरण.

आणि दार उघडलं.

समोर एक उंच माणूस उभा होता. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या, हळूच खाली आल्या... आणि त्याने अगदी अदबीने दार पुन्हा लावून घेतलं.

“आई, हे नको,” बाहेरून आवाज आला.

“का रे? चांगलं ऐसपैस दिसतंय की.”

“ऐसपैस आहे. पण यात आधीच कुणीतरी राहतं.”

मग दार पुन्हा बोटभर उघडलं. “बाहेर येताय,” त्याने दबक्या आवाजात विचारलं, “की अजून थोडं काम आहे?”

“आतून उघडत नाही,” मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता.

“पोलीस वगैरे बोलवायचे आहेत का?”

“नको, नको. मी लेखिका आहे.”

“असं होय,” तो म्हणाला, आणि मला बाहेर यायला हात दिला. हात कोरडा आणि उबदार होता. मी तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवला — पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून, असं मी नंतर ताईला सांगितलं.

त्याच्या आईला मी रहस्यकथा लिहिते हे ऐकून फार आनंद झाला. “मी वाचते हं,” त्या म्हणाल्या. “पण आधी शेवटचं पान. खुनी कोण ते कळलं की मग निवांत पहिल्यापासून. नाहीतर माझा जीव टांगणीला लागतो.” त्यांना काय सांगू, मीही शेवटचं प्रकरणच आधी लिहिते. शेवट हातात असल्याशिवाय मला पहिली ओळ सुचत नाही.

“आणि तुम्ही काय करता?” मी त्याला विचारलं.

“लिफ्ट तपासतो. इमारतींच्या.”

“लिफ्टमध्ये खून करता येतो का हो?”

त्याने क्षणभर खरंच विचार केला. “माझ्या लिफ्टमध्ये नाही.”

झालं. त्या दिवशी आईसाहेबांनी कपाट घेतलं नाही, पण माझा फोन नंबर मात्र घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात तो संध्याकाळी कामावरून परस्पर माझ्याकडे आला, लिफ्टबद्दल माहिती द्यायला. मग पुन्हा आला, राहिलेली माहिती द्यायला. मग माहिती संपली तरी येत राहिला. तिसऱ्या मजल्यावरचं माझं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि सगळीकडे कागद. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, लांब पाय पसरून, आणि मी काहीही विचारलं तरी दचकायचा नाही. ब्लीच आणि फिनेल एकत्र केलं तर काय होतं, गोठलेलं बोट फोन उघडतं का... माझ्या आधीच्या ओळखीतली मुलं अशा प्रश्नांनंतर घड्याळ बघायला लागायची. हा म्हणायचा, “बोटाचं माहीत नाही. पण कुणाचं आहे?”

एका संध्याकाळी मी त्याला जमिनीवर झोपवलं आणि त्याच्याभोवती खडूने रेघ ओढायला बसले. वकील कपाटातून बाहेर पडल्यावर कसा पडेल ते मला बघायचं होतं.

“जरा डावा हात वर घ्या ना तुम्ही,” मी म्हणाले.

त्याने डोळे न उघडता हात वर घेतला. “एक विचारू का?”

“प्रेतं बोलत नाहीत.”

“तेच म्हणतोय. प्रेताला कुणी अहो-जाहो करतं का?”

खडू माझ्या हातात तसाच राहिला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. “बरं,” मी म्हणाले, “गप्प पडून राहा तू.” तो गप्प पडून राहिला, पण त्याच्या गालावरचं हसू काही जाईना, आणि त्या खुनाचं गांभीर्य पार गेलं.

इतकं सगळं छान होतं. आणि म्हणूनच मी घाबरले होते.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तो पोटापाण्याचा धंदाच आहे. दिवसभर बसून मी वाईटात वाईट काय होऊ शकेल याचा विचार करते आणि लोक ते विकत घेऊन वाचतात. पण दुकान बंद केलं की विचार बंद होतात असं थोडंच आहे? त्याला यायला उशीर झाला की माझ्या डोक्यात आधी अपघात व्हायचा, मग पंचनामा, मग त्याच्या आईंना कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा तयार व्हायची. तेवढ्यात बेल वाजायची आणि तो दारात उभा असायचा, हातात पाव आणि अंडी. माझा जीव भांड्यात पडायचा, आणि मी त्याच्यावरच चिडायचे.

“तू पण काळजीचंच काम करतोस,” मी त्याला एकदा म्हटलं. “दोर तुटेल का, ब्रेक लागेल का. मग तुला झोप कशी लागते?”

“मी तपासतो. तपासून झालं की सही करतो आणि घरी येतो. तू तपासत बसतेस, सही करतच नाहीस.”

हे त्याने चिडवत म्हटलं होतं. पण त्यानंतर काही दिवसांनी, माझ्या जिन्यात, तो दोन पायऱ्या खाली आणि मी दोन पायऱ्या वर असताना त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

मला हो म्हणायचं होतं. ते शब्द ओठांवर आले होते. पण त्यांच्या मागोमाग सगळे पंचनामेही आले. आज हा चांगला आहे, उद्याचं काय? याचा शेवट काय होईल? मला माहीत नव्हतं.

“कादंबरी संपू दे,” मी म्हणाले. “मग सांगते.”

“चालेल,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आता कादंबरी संपवायची तर ती लिहायला हवी. आणि मी लिहिते संध्याकाळी. दिवसा माझ्या डोक्यात फक्त भाजी आणि बिलं येतात, खून संध्याकाळीच सुचतात. त्याच संध्याकाळी तो खिडकीत येऊन बसायचा. मुकाट बसायचा बिचारा, पेपर उलटतानासुद्धा आवाज करायचा नाही. पण त्याच्या असण्याचा मला आवाज यायचा. मी एक ओळ लिहायचे, वर बघायचे, तो माझ्याकडेच बघत असायचा... गेली ओळ. संपादक फोन करायचे, “मॅडम, प्रेत कपाटातून बाहेर पडलं का?” मी म्हणायचे, पडतंय, पडतंय. पण ‘तू येऊ नकोस’ हे त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार? लग्नाला थांबवलेला माणूस तो.

आणि मग एक दिवस तो आपणहून म्हणाला, “मंगळवारी नि गुरुवारी मी येणार नाही हं. पोहायला जायचं म्हणतोय. डॉक्टर म्हणाले, पाठीला बरं.”

मला इतकं हायसं वाटलं की मला माझीच लाज वाटली. पहिल्या मंगळवारी मी झपाटल्यासारखं लिहिलं. तो नंतर नुसता डोकावून गेला, केस ओले, विंचरलेले, खांद्याला पिशवी. “कसं झालं?” मी विचारलं. “मस्त,” तो म्हणाला. “तुझं?” “मस्त.” आम्ही दोघंही खूश होतो.

तिसऱ्या की चौथ्या वेळी त्याने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेला. मी सवयीने हात घातला. वाईट सवय आहे, मान्य. टॉवेल घडी घातलेला होता. इस्त्रीच्या घडीचा. आणि ठणठणीत कोरडा.

मनात शंकेची पाल चुकचुकली.

केस ओले, टॉवेल कोरडा. तलावाच्या औषधाचा वास नाही. डोळे लाल नाहीत. बोटांची कातडीही पाण्याने सुरकुतलेली नाही, नुसतं डोकं ओलं. माणूस डोकं धुतो कुठे? घरी. स्वतःच्या घरी जात नाही, कारण त्याच्या आईंनी कालच फोनवर मला सांगितलं होतं, “मंगळवारी तो पोहून थेट तुझ्याकडे येतो ना, मला एकटीला जेवावं लागतं.” म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी. तिथला टॉवेल वापरून.

तिचा टॉवेल.

गुरुवारी मी एक ओळही लिहिली नाही. कादंबरी बाजूला ठेवून मी त्याच्या संध्याकाळची साखळी मांडत बसले, कामावरून सुटतो कधी, माझ्याकडे येतो कधी, मध्ये जातो कुठे. ताईला फोन केला.

“अगं, सरळ विचार ना त्याला,” ताई म्हणाली.

“संशयिताला सरळ विचारलं की तो सावध होतो.”

“तो संशयित कधी झाला?”

“टॉवेल कोरडा होता, ताई.”

ताईने मोठा सुस्कारा सोडला. “साप साप म्हणून भुई धोपटत बसू नकोस. आणि जेवलीस का?”

मी जेवले नव्हते.

पुढच्या मंगळवारी मी त्याच्या कामाच्या ठिकाणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. ताईचा जुना कोट, डोक्याला रुमाल. भुरभुर पाऊस पडत होता. कादंबरीत मी कितीतरी जणांना कितीतरी जणांच्या मागे पाठवलंय, पण पाठलाग करताना इतकं रडू येतं हे मी कधीच लिहिलेलं नाही. मला त्याला पकडायचं होतं, आणि तो सापडू नये म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.

तो बाहेर पडला. पिशवी खांद्याला. तलावाच्या रस्त्याला न वळता उजवीकडे वळला.

तो गेला बसस्थानकात.

प्रवाशांच्या खोलीत लाकडी बाकं होती. तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला. मी बसच्या वेळापत्रकाच्या फळ्यामागे उभी राहिले. आता ती येईल. बस आली, माणसं उतरली, ती आली नाही. दुसरी बस आली. त्याने खिशातून शेंगदाणे काढून खाल्ले. एका बाईंनी त्याला सामानाकडे बघायला सांगितलं, त्याने बघितलं. मग पेपर वाचला, तोच पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. जांभई दिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाठ दुखत असावी, कारण तो मधूनच उठून कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि परत बसायचा. मी वाट बघत राहिले, कुणीही आलं नाही.

दिवे लागले तसा तो उठला. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ होता. तो वाकला, नळाखाली डोकं धरलं, हाताने केस मागे सारले आणि खिशातून कंगवा काढला.

भांग पाडत तो वळला, आणि आमची नजरानजर झाली.

कपाटाच्या वेळी त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. या वेळी गेल्या नाहीत. थेंब त्याच्या कपाळावरून नाकावर उतरत होते, ते त्याने पुसले नाहीत.

“केव्हापासून?” त्याने विचारलं.

“तू ऑफिसातून निघाल्यापासून.”

“म्हणजे आजची तुझी संध्याकाळ गेली.”

“तू इथे... तू इथे काय करतोस?”

“बसतो.” तो कंगव्याकडे बघत बोलत होता. “मी तिथे असलो की तुझं लिहून होत नाही. तू मला कधीच जा म्हणाली नसतीस. घरी गेलो असतो तर आई म्हणाली असती, भांडलात का, आणि तिने लगेच तुला फोन केला असता. पोहायला जातो म्हटलं की कुणी काही विचारत नाही.”

“मग खरंच पोहायला का नाही गेलास?”

“मला पाण्याची भीती वाटते.”

मी डोंगर पोखरला होता आणि त्यातून हे निघालं होतं. मला हसावंसं वाटलं, त्याला मिठी मारावीशी वाटली. मी पुढे झाले, पण तो मागे सरकला. जरासाच.

“तुला काय वाटलं होतं?” त्याने विचारलं.

सांगायची गरजच नव्हती, रुमाल आणि ताईचा कोट त्याला दिसत होता.

“तुझी सगळी पुस्तकं मी वाचलीत,” तो म्हणाला. “प्रत्येकात एक माणूस असतो, ज्याच्यावर आधी संशय येतो. मग कळतं, त्याने काही केलेलंच नाही. त्यानंतर तो पुस्तकात दिसतच नाही. पुढे काय होतं गं त्याचं? त्याला कुणी काही म्हणतं का?”

त्याने पिशवी खांद्याला लावली. “लिही तू,” म्हणाला, आणि पावसात निघून गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. मागे जाण्याचा हक्क मी त्या संध्याकाळपुरता गमावला होता.

बुधवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. फोन केला नाही, आणि मीही केला नाही, कारण त्याचं उत्तर काय असेल हे मी आधीच वेगवेगळ्या प्रकारांनी लिहून टाकलं होतं. सगळीकडे तो नाही म्हणत होता. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी, आणि ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. मी त्याच्यावर प्रेम करते हे मला बरेच दिवस माहीत होतं, पण तो नसला तर घर कसं दिसतं हे माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याच्या आईंचा फोन आला. “भांडलात का?”

“हो,” मी म्हणाले. “चूक माझी आहे.”

“चूक कुणाची ते मला नको सांगू. तो जेवताना माझ्याशी एक शब्द बोलत नाही, मी काय करू? पुढे काय होणार आहे, तेवढं सांग.” शेवटचं पान आधी वाचणारी बाई ती.

“मला माहीत नाही, आई.”

मी त्यांना पहिल्यांदाच आई म्हटलं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं. मग त्यांनी तो कुठल्या इमारतीत काम करतोय ते सांगितलं.

इमारत उंच होती. लिफ्टला पाटी लावलेली, ‘तपासणी सुरू’. जिन्याने चढायला लागले. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होते, लेखिकेला शोभतील अशी. चौथ्या मजल्यापर्यंत ती छान जमली होती. सहाव्याला अर्धी गळली. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा माझ्याकडे एकही वाक्य उरलं नव्हतं, श्वाससुद्धा नव्हता.

तो गुडघ्यावर बसला होता. मोटार बंद होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने जाड पोलादी दोरावरचं वंगण पुसत तो एकेक तार बघत होता. मला पाहून थांबला.

“मी...” मी म्हणाले. “मी — थांब हं — जिना...”

“बस आधी.”

“नको. बसले तर — बोलणार नाही मी.” दाराची चौकट धरून मी उभी राहिले. “माझं चुकलं. तुझ्यावर संशय घेतला, तुझ्या पिशवीत हात घातला, तुझ्या मागे आले. सगळं केलं, पण तुला विचारलं नाही. कारण तू उत्तर दिलं असतंस, आणि ते खरं मानायची मला भीती वाटते. तू चांगला आहेस हे खरं असलं तर... तर मग तू गेल्यावर माझं काय होईल?”

त्याने दोरावरचा हात काढला.

“म्हणून आज विचारायला आलेय. तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. कादंबरी झालेली नाही, आणि कधी होईल कोण जाणे. माझ्याशी लग्न करशील?”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्याने टॉर्चचा उजेड दोरावरून काढला आणि जमिनीवर ठेवला. माझ्या मनात नेहमीप्रमाणे सगळे शेवट रांग लावून उभे राहिले. मी एकालाही आत घेतलं नाही. नुसती उभी राहिले, आणि ते फार अवघड होतं.

“मला अजून राग आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“दोन-चार दिवस राहील. जास्तही राहील.”

“राहू दे.”

“पण हो म्हणतोय,” तो म्हणाला. “दोन्ही एकदम आहे. चालेल का?”

मला रडू फुटलं. त्याने उठून वंगणाने काळा झालेला हात माझ्यापुढे धरला, मग तो काळा आहे हे बघून मागे घ्यायला लागला. मी घेऊ दिला नाही.

“हात थंडगार पडलाय तुझा,” तो म्हणाला. “अजून काळजी वाटतेय?”

“वाटतेय.”

“कसली?”

“सगळ्याचीच. तुझा राग गेला नाही तर. माझी सवय गेली नाही तर.”

त्याने पायाने अवजारांची पेटी माझ्याकडे सरकवली. “मग इथे बस. काळजी करायची तर कर, पण यापुढे माझ्यासमोर बसून कर.”

मी पेटीवर बसले. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला आणि पुन्हा दोराशी गुडघे टेकले, कारण काम अर्धं राहिलं होतं. माझा हात कापत होता, त्यामुळे उजेडही कापत होता. तो उजेड जिथे जाईल तिथली तार बघत राहिला.